घेर

बगाडे मास्तरांकडे वह्या दोन.
निळ्या पुठ्ठ्याची जेंट्सची, तांबड्या पुठ्ठ्याची लेडीजची.
काळाचौकीला जिन्याखाली दुकान,
डोकं वाकवूनच आत शिरायचं,
म्हणजे आधीच ओशाळल्यासारखं.
मंगळदासातून आणलेलं कापड मी टेबलावर ठेवलं:
राखाडी, त्यावर बारीक तपकिरी चौकडी, सुटाचं.
म्हणालो, याचा घेरदार स्कर्ट शिवायचा. माझ्यासाठी.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला
आणि पेन्सिल दोन वह्यांच्या मधे
हवेत धरून उभे राहिले.

"नाटकाचं काम आहे का?"
नाही.
"मग नवस?"
नाही हो.
"पायाला काही जखम, वारं लागायला पाहिजे?"
भला माणूस. तीन दारं उघडून दिली मला,
कुठल्याही दारातून सटकता आलं असतं.

मी गोदीच्या हिशेबखात्यात एकोणतीस वर्षं.
तिथं प्रत्येक पेटीला चिठ्ठी.
बिनचिठ्ठीची पेटी शेडच्या कडेला पडून असते
कुणी येऊन "माझी" म्हणेपर्यंत.
तेव्हा लेबल कशाला लागतं
हे मला कुणी शिकवू नये.

वरळीच्या बंदरावर म्हातारे कोळी अजून सुरका नेसतात,
मांड्या उघड्या, मागे त्रिकोण.
हे काय, असं कुणी विचारत नाही.
ज्याला नाव असतं
त्याला नावं ठेवत नाहीत.

जुईलीनं, भाचीनं, फोनवर सात शब्द सांगितले.
मायेनं. मामा, यातला तुझा कुठला बघ.
मी एकेक अंगाला लावून पाहिला.
एक खांद्यात धरत होता,
एक बाहीत लोंबत होता,
आणि एक इतका सुंदर
की तो कुणीतरी फार सोसून कमावलेला असणार.
तो मी घडी मोडू न देता परत केला.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, घरात काय ते घाला, सातोसकर.
पाळण्यातल्या नावानं हाक मारायचे, त्या दिवशी आडनावावर आले.
बायको एवढंच म्हणाली,
खिसे मात्र घे. मला कुणी दिले नाहीत.

काय सांगू मास्तरांना?
मला बायको आवडते.
बेरीज पहिल्या फटक्यात जुळली की आवडतं.
आणि चालताना पोटरीला लागून
कापड मागे परततं, ते आवडतं.
याला शब्द असलाच
तर कॉलरच्या पट्टीवर मावायचा नाही,
टोचेल मात्र दिवसभर.

गिरणीचा भोंगा बंद झाल्याला किती वर्षं झाली,
तरी मास्तर सवयीनं घड्याळाकडे बघतात, तसं बघितलं.
मग निळी वही उचलली,
उलटी केली,
शेवटाकडून पहिलं पान उघडलं, कोरं,
आणि वर काही मथळा न घालता लिहिलं:
सातोसकर. कंबर छत्तीस. उंची तीस.
घेर एकशेवीस. खिसे दोन, खोल.

मी उलट्या बाजूनं वाचलं.
चूक कुठे नव्हती.

दिवाळीनंतर गेलो दुसरं कापड घेऊन, जाडसर, नेव्ही ब्लू.
पहिला घालूनच गेलो होतो.
नाक्यावर एका पोरानं शीळ घातली,
आणि शहाळेवाल्यानं, नेहमीसारखं,
सुट्टे नाहीत म्हणून वाद घातला.
मास्तरांनी वही उलटी केली.
माझ्या खाली एक ओळ होती, ताजी:
पेडणेकर. कंबर चव्वेचाळीस. घेर दीडशे. अस्तर पाहिजे.

कोण हो हे?
म्हणजे करतात काय? लग्न झालंय?
म्हणजे ते नक्की...
सगळे प्रश्न जिभेवर रांगेत उभे,
सेक्रेटरीच्याच आवाजात.

मास्तर टेप झटकत म्हणाले,
"तुम्हालाही लावू का अस्तर?"

लावा, म्हणालो.