कुपी क्रमांक सतरा

कुसुंब्याच्या एका गायीच्या कासेवरून
चिमट्याने नाही, बोटांनी काढली मी ही.
चिमट्याने तोंड तुटतं, आणि तोंड तुटलेली गोचीड
अंडी न घालताच सुकते.
गायीची मालकीण येसाबाई लुगड्याला हात पुसत म्हणाली,
"आम्ही मारतस नि तू पाळस? येडी व्हयनी का?"
मी हसले,
डबीच्या झाकणाला सुईने भोकं पाडली.

वजन : तीनशे बारा मिलिग्रॅम.
रंग : भिजलेल्या एरंडीच्या बीसारखा.
पायांवर फिकट कड्या, तोरड्या घालून निघाल्यासारख्या.
कुपीत सोडली, वर कापसाचा बोळा,
कापूस तेवढा फुकट, आप्पांच्या शेतातला.
बाहेर धुळ्यात पारा चव्वेचाळीसवर,
पांझरेच्या कोरड्या पात्रात पोरांनी स्टंप रोवलेले,
आणि ही बाई मिठाच्या पाण्यावर, काचेच्या भांड्यात,
अठ्ठावीस अंशांत,
माहेरपणाला आल्यासारखी बसून.

पाच दिवस काहीच नाही.
सहाव्या दिवशी मान खाली घालून
तिने एक अंडं वर उचललं,
त्यावर मेणाचा हात फिरवला, पाठीशी ठेवलं.
मग दुसरं.
घाई नाही. एकवीस दिवस.
तिच्या अंगातलं सगळं त्या तपकिरी ढिगात गेलं
आणि ती उरली
चुना-तंबाखू संपलेल्या बटव्यासारखी.
बाविसाव्या दिवशी पाय हलला नाही.
नोंद केली. बोळा बदलला.
डब्यात कळण्याची भाकरी होती, ठेचा होता,
लगेच उठावंसं वाटलं नाही.

मे महिन्यात रोहित्र जळालं. तीन दिवस वीज नाही.
हिलाल आप्पा, आमचे शिपाई, निवृत्तीला दीड वर्ष,
त्यांनी भांडं ओल्या गोणपाटात गुंडाळलं,
माठाच्या तिवईखाली सरकवलं,
आणि रात्री दोनदा घरून सायकलवर येऊन
पाणी शिंपडून गेले.
सकाळी मी विचारलं तर म्हणाले,
"लेकरं शेतस ना त्या."
यांच्याच जातभाईंनी त्यांचा बैल तापाने नेलेला,
तेही त्यांनीच सांगितलं, गोणपाट पिळता पिळता.

सव्विसाव्या दिवशी ढीग हलला.
मोहरीहून बारीक, सहा पायांची,
उरलेले दोन पाय पहिल्या रक्तानंतर, कात टाकून.
बोळ्याखाली त्यांची काळी झालर.
मी बोळा जरा सैल करून वाकले, श्वास सुटला,
आणि शेकडो जणींचे पुढचे पाय एकदम वर आले,
हवेत चाचपडू लागले.
प्रबंधात लिहायचंय : उच्छ्वासाला प्रतिसाद, तीन सेकंद.
खरं सांगायचं तर
माझ्या नुसत्या श्वासावर कुणी आजवर
असे हात वर केले नव्हते.

निम्म्या सशाच्या कानावर सोडल्या.
ससा म्हणजे सरपंच, विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव,
मान झटकतो आणि गाजर तेवढं वाजवून घेतो.
कानाची पिशवी आप्पांच्या जुन्या धोतराची,
टाके इतके बारीक की मुंगीही निसटू नये.

निम्म्या कुपीतच ठेवल्या, उपाशी.
महिनोन्‌महिने तग धरतात म्हणे.
किती, तेच मोजायचंय, आणि माझी फेलोशिप
जूनअखेर संपते.

काल पाहिलं, सतरा आकड्याखाली
आप्पांनी पेन्सिलीने लिहिलंय : येसाबाई.
खोडरबर टेबलावरच होतं.