तिसरी प्रत

निर्णय गुरुवारपर्यंत कळवायचा आहे.
एकोणीसशे पौंड, व्हॅट धरून,
आणि जपायचे आहेत तीनशे बारा आवाज
कमीत कमी पन्नास वर्षं.

कीथ ब्रॉकल्सबी म्हणतो, टेप घे.
टेप कपाटात निजून राहते, वीज मागत नाही,
तीस वर्षांनी उठवली तरी उठते,
उठवणारं यंत्र तोवर जगलं तर.
हार्ड डिस्क नुसती ठेवली की रुसते,
फिरवत राहिलं की झिजते.
क्लाउडला दरमहा भाडं,
आणि थकलेल्या भाडेकरूचं सामान
कोण कधी रस्त्यावर काढेल, नेम नाही.
मी सगळं तक्त्यात भरते.
खिडकीबाहेर हंबर नदी,
दूध जास्त पडलेल्या चहासारखी.

सकाळी २००३च्या सोनेरी सीडींचा खोका उघडला.
वर छापलंय: शंभर वर्षांची हमी.
अकरातल्या नऊ बोलल्या.
दहावी नुसती घरघरली.
अकरावीत डोरोथी स्टॅदर्स,
हेसल रोडवर मासे साफ करून हात फाटलेली,
सांगत होती की नवऱ्याची बोट निघते त्या दिवशी
घरात कपडे धुवायचे नसतात,
धुतले तर माणूस धुऊन जातो,
"आणि मी मात्र त्या मंगळवारी"

सतरा मिनिटं, चार सेकंद.
पुढे यंत्र म्हणतं: वाचता येत नाही.

पाच वेळा लावली. चष्म्याच्या फडक्याने पुसली,
मधून कडेकडे, सरळ, शिकवलंय तशी.
पाचही वेळा तो मंगळवार उंबऱ्यातच अडला.

साताऱ्याला आमच्या घरी, ट्रंकेत,
डांबराच्या गोळ्यांत पणजोबांची वही आहे.
कसर नाही, वाळवी नाही,
शाई अजून काळी कुळकुळीत.
सगळी मोडीत. घरात एकालाही येत नाही.
हिशेब आहे, की शिव्या, की कुणाचं देणं राहिलंय?
साठवण उत्तम. वाचणारा गेला.
यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.
मी एक वाढवला, आणि तो रिकामाच राहिला.

कीथला गद्धेगाळ सांगितला:
जुने राजे जमीन दान देत, दगडावर कोरत,
वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो चालावं,
आणि खाली, दान मोडेल त्याच्या आईला
गाढवाची शिवी, चित्रासकट.
चहा सांडेपर्यंत हसला.
म्हणाला, टेपच्या लेबलावर तेच छाप.
मग जरा थांबून: "अजून वाचता येते ती शिवी?"
अक्षरं बरीच झिजलीत, म्हटलं. गाढव कळतं.

जेवणाच्या सुट्टीत तो घरी जाऊन आला.
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत कॅसेटी. एकीवर पेन्सिलीने: डॉट, मार्च.
"सीडी झाल्यावर मूळ टाकून द्या म्हणाले होते.
सगळ्या नाही नेता आल्या. सात."
वीस वर्षं स्वयंपाकघरात, रेडिएटरच्या वर.
माझ्या तक्त्यातला सगळ्यात वाईट पर्याय.

लावली. आधी वाळू घासल्यासारखी खरखर,
मग ती, थोडी वेगात, थोडी पोरसवदा:
"आणि मी मात्र त्या मंगळवारी
एक रुमाल धुतला. फक्त एक.
त्याचाच होता, विसरून गेला होता."
मग कुणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि ते काहीच नाही सुद्धा
जसंच्या तसं, शाबूत.

तर गुरुवारसाठी असं लिहिलंय:
प्रती तीन. माध्यमं दोन.
एक टेप इथे, दुसऱ्या मजल्यावर, तळघरात नाही;
एक बेव्हर्लीला, पाणी चढणार नाही अशा जागी;
एक डिस्कवर, दर वर्षी उघडून
बेरीज जुळते का पाहायची.
'उघडणारी व्यक्ती' या रकान्यात
माझं नाव घातलं.
खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

कीथ दारात अजून उभा.
डबा रिकामा करून दे, म्हणतो,
बायको तो कधीची शोधते आहे.