आतलं चाक

हवा मोजायची ती चाक थंड असताना,
गाडी एक फर्लांगही चाललेली नसताना,
लोकमान्यनगरच्या गच्च्यांवरून
ऊन खाली उतरायच्या आत.
म्हणून साडेपाचला मी मोकळ्या प्लॉटवर,
गुडघ्याखाली गोणपाटाची घडी,
हातात पितळी मापक,
आणि समोर आमचं घर, सहा चाकांवरचं.

ही मुळात शाळेची बस.
पिवळा रंग अजून बिजागऱ्यांच्या फटीत सापडतो.
शिरीषने बाकं उपटली, पलंग ठोकला,
मी शेगडी बसवून घेतली.
हवेचं तो लाथ मारून बघायचा.
"ठणठणीत," म्हणायचा,
डॉक्टरांना म्हणतो तसंच.

माझा जन्म गेला कॉलेजच्या प्रयोगशाळेत,
पोरांच्या आधी उपकरणं लावण्यात.
शून्यावर न येणारा काटा
मला झोपू देत नाही.

तर देवास नाक्याच्या धर्मकाट्यावर
आम्ही घर तोललं.
डाळी, गाद्या, पुस्तकं, पाटा-वरवंटा, टाकीतलं पाणी.
काट्यावरचा पोरगा ओरडला, "दोनों उतरो."
उतरलो.
आकडा एकशे एकतीसनं घसरला
आणि घर आमच्याशिवाय तसंच उभं राहिलं,
सात हजार चारशे किलो, पावतीसकट.
मग एकेक बाजू.
डावी तीनशे वीसनं जड.
"तुझं स्वयंपाकघर," शिरीष.
"तुझी पुस्तकं," मी.
पाण्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

हनीफ भियाने पावती उजेडात धरून वाचली.
"हवा गाडी देखके नहीं भरते, मॅडम,
बोझा देखके."
पुढे पंचाण्णव पौंड, मागे नव्वद.
मागच्या जोडचाकांपाशी मात्र तो रेंगाळला.
बाहेरचं सत्त्याऐंशी. ठीक.
आतल्याच्या वाल्वपर्यंत हात पोचेना,
तेव्हा धुळीत कुशीवर आडवा झाला,
नळी वाकवली, कान लावल्यासारखा गप्प राहिला.
बत्तीस.

"कधीपासून?"
"क्या पता. बाहेरवाला बोलता थोडी है.
उठाए चलता है."

गेल्याच महिन्यात आम्ही सिमरोळचा घाट उतरलो होतो,
भर मे महिन्यात, गाणी लावून, कैरी खात,
त्या कोपऱ्याचा सगळा संसार एकाच रबरावर.
मी बाहेरच्या चाकावर हात ठेवला.
नाक्यापर्यंतच आलो होतो,
तरी कड भाजत होती.

पीथमपूरचा कारखाना बंद पडला
त्यानंतरचे अठरा महिने आठवले.
शिरीष रोज डबा घेऊन निघायचा.
कुठे जायचा, मी विचारलं नाही.
दोन शिकवण्या वाढवल्या, एक दागिना कमी केला,
आणि शेजारी विचारत तेव्हा
मीच म्हणायचे, ठणठणीत.

तो पाण्याची बाटली घेऊन लांब उभा होता.
हनीफ पाना पुसत म्हणाला,
"जोडी बराबर रखो भिया,
एक नरम, तो दूसरा गया."
शिरीष हसला नाही.
बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.
मी वाल्वच्या टोप्या मोजल्या. सहा.
परत मोजल्या.

आता आतल्या वाल्वला लांब नळी जोडलीय,
तिचं तोंड बाहेरच्या चाकाच्या भोकातून डोकावतं.
तरी बोटं काळी होतातच,
तरी पहिल्या खेपेला हवा फुस्स करून निसटतेच.

आज वरची खिडकी सरकली.
विस्कटलेले केस, चष्म्याशिवायचं तोंड.
"किती?"
"एकोणनव्वद."
खिडकी बंद होईल असं वाटलं.
झाली नाही.
"आणि आतलं?"

थांब, म्हटलं,
अजून पोचले नाहीये.