हातचा

सात आणि आठ पंधरा,
पाच खाली, एक हातचा.
"कुणाच्या हातचा, बाई?"
तिसरीत मी विचारलं होतं.
हुद्दारबाई फळ्याकडे बघत म्हणाल्या,
असतो. म्हणायचं आणि पुढं जायचं.

निपाणीच्या आमच्या गल्लीत
दुपारभर पानं कातरल्याचा आवाज.
दिवेलागणीला आई कट्टे मोजायला बसे,
पंचवीस विड्यांचा एक.
चार झाले की एक बोट मिटायची.
तिला विचारलं, हातचा म्हणजे काय गं?
तिनं मिटलेली करंगळी पुढं केली.
"ह्यात शंभर हाईत. बोलू नगंस,
सुटली तर इसरंन."

शेजारची निंगव्वा दोरा तोडता तोडता म्हणाली,
आमच्यात म्हणतात, कैयाग ओंद.
कैयाग म्हणजे हातात.
त्या रात्री मी अंथरुणात दोन्ही म्हणून पाहिले.
पाटीच्या आधी बोटं होती
एवढं तेव्हाच कळलं.
पुढं कोश उघडला तर तिथं
अर्ध्या ओळीत उरकलेलं:
पुढील घरात मिळवावयाचा अंक.

घर. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं,
की एककाच्या घरातून दहा जण निघतात
आणि उंबरा ओलांडला
की तिकडं एकच म्हणून मोजले जातात.
वजाबाकीत उलटं. शेजारून एक उसना आणायचा,
आपल्या दारात येईतो तो दहा होतो,
आणि परत कुणी करत नाही.
निंगव्वाची साखरेची वाटी तरी परत यायची,
तळाशी चार दाणे जास्तच.

कारखान्यात चेकर
मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला सारायचा,
वहीत नऊशे लिहायचा.
छाट कुठल्या घरात मांडतात
ते बाईंनी शिकवलं नव्हतं.
आई मग घरूनच दोन कट्टे जादा न्यायला लागली,
पदराखाली.
हातचं राखून वागते, असं बायका तिला म्हणत
ते बहुतेक यावरूनच.

आता तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे.
काल शिवलीला विचारत होती,
बाई, हातचा विसरला तर?
बेरीज चुकते, म्हटलं.
घंटा झाली म्हणून बरं.

आईनं विड्या सोडून अकरा वर्षं झाली.
डाव्या हाताची करंगळी उघडत नाही,
शीर आखडलीय म्हणतात डॉक्टर.
रोज रात्री मी तेल चोळते.
तिच्यात किती आहेत
हे विचारायचं राहूनच जातं.