प्रश्न क्रमांक सतरा

एका फॉर्मचे चाळीस रुपये,
गद्रे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
आणि मी गडनदीच्या मुखाशी
ओहोटीच्या वेळा बघून
घरोघर फिरू लागलो,
हातात टॅब, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
मालवणीचं मराठी करत
आणि मराठीची टिकमार्क.

पहिले सोळा प्रश्न सोपे.
घरात माणसं किती, होड्या किती,
जळण कुठलं, कालवणाला काय,
मागच्या वादळात पाणी कुठवर आलं.
लोक माडाच्या बुंध्यावरची रेघ दाखवत.
मी तिचा फोटो काढायचो. त्याला रकाना होता.

सतरावा असा:
समोरचं कांदळवन आहे तसं राहावं म्हणून
तुमचं कुटुंब दरवर्षी
जास्तीत जास्त किती रुपये द्यायला तयार आहे?

मास्तरांनी पाचशे सांगितले आणि पावती मागितली.
लॉजवाल्या धुरीने विचारलं,
तोडायचं असलं तर किती, तेही बोला ना.
तो प्रश्न फॉर्मात नव्हता.

द्वारका मोंडकर वाकून तिसऱ्या काढत होती.
वर न बघता म्हणाली,
"पैशे मी देवचे? कोणाक?"
म्हटलं, काकी, समजा असं. नुसतं समजा.
"समाजला."
मग बराच वेळ फक्त तिच्या पायांचा आवाज,
चिखल पाय सोडताना करतो तो.
मग,
"हेक्टर म्हणजे किती वाटे रे?"

वाटा म्हणजे फळीवर मांडतात तो ढीग.
सकाळी शंभराचा, उन्हं चढली की साठाचा,
बाळंतिणीच्या घरचं गिऱ्हाईक असेल
तर वर चार फुकट.
मी बी.कॉम. आहे.
मला हेक्टरचे वाटे करता येईनात.

"माहीत नाही" दाबलं.
तर "माहीत नाही"च्या आत तीन दारं:
ऐपत नाही, पटत नाही, प्रश्न कळला नाही.
एक उघडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं
आणि भरती लागली होती.
मी "ऐपत नाही" निवडलं.
रात्री जेवताना कानशिलं तापली.
चाळीस रुपये मात्र घेतले.

अहवाल आला तोवर भातं कापून झाली होती.
एका हेक्टरला वर्षाला इतके लाख.
लाट अडवण्याचे इतके,
मुळांत लपून वाढणाऱ्या पिल्लांचे इतके,
चिखलात गाडलेल्या कार्बनचे डॉलरमध्ये.
चिखलाच्या वासाचे काही नाहीत,
अंधारात बोटांनाच सापडणाऱ्या वाटेचे नाहीत.

पण खोटं कशाला बोलू,
त्या आकड्यानेच जेटीची फाईल अडली.
कचेरीत आम्ही आधी दोनदा गेलो होतो,
एकदा निवेदन घेऊन, एकदा नारळ घेऊन.
दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर.
आकडा घेऊन गेलो तेव्हा खुर्च्या मिळाल्या.
चहासुद्धा.
मी तिथे टाळ्या वाजवल्या, मनापासून.

आता तिवरांच्या तोंडाशी हिरवी पाटी आहे.
राखीव. आठवड्यातून तीन दिवस आत जायचं नाही.
खाली तो आकडा, स्वल्पविरामांसकट.
द्वारकाकाकीच्या टोपलीला
ते तीन दिवस कुणी भरून देत नाही.
अहवालात ती आहे. पान एकसष्टवर.
उत्तरदाता क्रमांक एकशेबारा, ऐपत नाही.

परवा बाजारात तिच्या फळीपुढे थांबलो.
वाटे लहान झाले होते.
मी शंभराची नोट पुढे केली.
तिने एक वाटा पिशवीत सारला,
नोट कमरेला खोचली,
मग वर बघितलं, ओळखलं,
आणि आणखी चार टाकल्या.
"ह्येचा काय लिवतलस?"

पिशवी गळत होती.
घरापर्यंत रस्त्यावर खाऱ्या पाण्याचे ठिपके,
मोजले नाहीत.