इस्त्री

तुर्भे स्टोअरच्या नाक्यावरचा दुलारे इस्त्रीवाला
माझे दोन शर्ट न सांगता वेगळे ठेवतो.
काळा वाजवायचा.
फिकट निळा बोलणी करायचा.
"आज कुठला?" एवढंच विचारतो,
आणि माझा महिना कसा चाललाय ते त्याला कळतं.

पहिल्या वर्षी मलाच कळलं नव्हतं.
सीवूड्सला, बावीसाव्या मजल्यावर मीटिंग,
मी गेलो माझंच नाव पाठीवर छापून:
डीजे सम्यक, खाली मोबाईल नंबर,
आणि गुडघ्यावर फाडूनच विकलेली जीन्स.
वॉचमननं वहीत लिहिलं, "डिलिव्हरी",
आणि सामानाच्या लिफ्टकडे बोट केलं.
कारखानीस बाईंनी दार अर्धं उघडलं.
अर्ध्या दारातून सांगितलेला रेट
अर्धाच ऐकू जातो.

पुढच्या खेपेला निळा शर्ट, आत खोचलेला,
पट्टा बापाचा, एक भोक जास्तीचं पाडून.
वॉचमन तोच. "साहेब" म्हणाला.
वहीत "पाहुणे".
सोफा मिळाला, काचेच्या ग्लासात पाणी आलं,
आणि नवरी मुलगी आतून येऊन म्हणाली,
"आई, डीजे अजून आला नाही?
हे इन्शुरन्सचे काका आहेत ना?"

मी सव्वीस वर्षांचा होतो.

तेव्हापासून बाही दोनदा दुमडतो,
घड्याळ दिसेल इतकीच.
हेडफोन गळ्यात नाही, बॅगेत,
पण बॅगेची चेन जराशी उघडी.
बूट मात्र दोन्हीकडे तेच, जाड रबराच्या तळाचे.
ओंकार चपला घालून आला होता पहिल्या ऑर्डरला,
लॉन ओलं, वायर उघडी.
त्याला कपड्यांबद्दल मी एवढंच शिकवलंय.
बाकीचं वॉचमन शिकवतील.

बापाला या सगळ्याचं हसू येतं.
तो ठाण्यात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.
लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर पितळी फुलं.
कोट दुकानाचे, हाताला लागेल तो अंगावर.
एका सीझनला बाही कोपराकडे पळायची,
एका सीझनला बोटं गिळायची.
"कोट मालकाचा, घाम आपला," तो म्हणतो,
"आणि वास आधीच्या माणसाचा."
आख्ख्या वरातीत नवरदेवाखालोखाल नटलेला,
आणि जेवायला मंडपाच्या मागे.

कारखानिसांच्या हळदीला मी काळा घातला.
काळ्यात माणूस विरतो, लाइट उरतो,
धूळ, घाम, ग्रीस, सगळं पोटात घेतो काळा.
नवरीची आत्या कन्सोलसमोर उभी राहिली.
"शुभकार्यात काळं?
शिरल्या शिरल्या तूच दिसतोस!"
माझे चार टॉप, चार बेस,
बाईंचा आवाज त्यांच्या वर.
टेम्पोत हँगरला निळा होता,
बाकीचे पैसे मागायला आणलेला.
टेम्पोच्या आडोशाला बदलला.
शेवटच्या गाण्याला आत्याच नाचल्या,
आणि जाता जाता पाठीवर थाप:
"हां, आता कसा आपल्यातला वाटतोस!"

त्या "आपल्यातला"चं काय करायचं,
मला अजून कळलेलं नाही.
पैसे पूर्ण मिळाले.

दुलारेनं शर्ट उलटा केला.
पाठीवर पाच पिवळी बोटं.
"साबण लावू नको, लाल होईल.
हळद उन्हाला घाबरते."

तीन दिवस पत्र्यावर पडून होता,
पंजा सूर्याकडे.
चौथ्या दिवशी फिकट झाला, गेला नाही.
मी म्हटलं, आता हा मीटिंगचा राहिला नाही.
बापानं तो उचलला, अंगात घातला.
आरशाकडे गेला नाही.
हात लांब करून नुसती बाही पाहिली.
बरोबर मनगटावर संपत होती.