साल

मार्च. रात्री उणे सहा, दुपारी चार.
मेपलला एवढंच लागतं, तेलेस्फोर म्हणतो,
गोठणं आणि सुटणं, गोठणं आणि सुटणं.

यंदा ड्रिल सोलांजच्या हातात.
बापाचा उजवा हात ख्रिसमसपासून
आपल्याच नादात थरथरतो,
म्हणून तो स्लेजवर बसलाय, मांडीत नळ्यांची बादली,
टोपीचे कान वर बांधून.
डोळ्यांनी नाही, कानांनी राखण करतोय.

जुन्या व्रणापासून वीतभर सरक.
टोक किंचित आभाळाकडे धर,
रसाला बाहेर यायला उतार हवा.
सालीची राखाडी पूड उडते, मग
पांढराशुभ्र ओलसर भुगा,
खवलेल्या खोबऱ्यासारखा.
'बास,' आवाजावरूनच तो सांगतो. दोन इंच.
मग नळी, हातोडी:
ठप, ठप, ठप, ठण्.
ठण् झालं की थांबायचं.
त्यापुढचा एक घाव, आणि लाकूड उलतं.

ओढ्यापाशी, खडकात उगवलेलं ते वाकडं झाड.
साल गुळगुळीत, डाग नाही, खूण नाही.
बोटभर आत पांढरा भुगा, आणि एकदम
तपकिरी, कोरडा. विडीच्या राखेचा वास.
ती थांबते.

तो उतरतो. गुडघाभर बर्फ.
चिमटीत भुगा चोळतो, हुंगतो.
'माझंच आहे हे.
त्या साली तीन पाडली एकाच झाडाला,
आणि नको तेवढी खोल. घाईत होतो.'
'कसली घाई?'
'तुझी.'

खाली, नदीकाठच्या गावात,
दवाखान्याचं बिल, आणि तू एवढीशी, काचेच्या पेटीत.
झाड भरून काढत नाही, तो म्हणतो,
जखमेभोवती भिंत घालतं
आणि बाहेरून वाढत जातं.

'मग हे सोडू?'
तो उत्तर देत नाही. वळसा घालून
उत्तरेच्या अंगाला जातो, वीत टेकवतो,
वीत थरथरते, अंगठा कधी इथे कधी तिथे.
ती मधोमध नखाने खूण करते.

पांढरा भुगा.
ठप, ठप, ठण्.
नळीच्या ओठावर थेंब लोंबतो, मोठा होतो,
पडायचं लांबवत राहतो.
रिकाम्या पत्र्यात टप्पकन वाजतो.
तेलेस्फोर बोट लावून चाखतो,
'पाणीच आहे,' दरवर्षीसारखं.

स्लेजवर चढताना दोघांचा वाद:
चव्वेचाळीस झाली की पंचेचाळीस?
ते तपकिरी भोक
मोजायचं की नाही?